एका एकरात किती घरे?

एखाद्या गावात कोण राहू शकेल, हे तेथे पहिली वीट रचली जाण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते. विकास आराखड्याच्या नकाशावर जमिनीला जो रंग मिळतो, त्यावरून तेथे शेती राहील, बंगले उठतील, कारखाना येईल की अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांची घरे होतील, याचा निर्णय होतो. ज्यांचे नाव सातबाऱ्यावर आहे, त्यांना या रंगाचे महत्त्व नीट ठाऊक असते. भूखंड घेण्यापूर्वी ते झोन दाखला आणि भाग नकाशा मागवून घेतात. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्यांचे भवितव्यही त्याच नकाशावर ठरत असते, याचे भान मात्र फारसे राखले जात नाही. मावळ तालुक्यात हा प्रश्न आज पुन्हा मोकळा झाला आहे. म्हणूनच त्याचा विचार वेळेवर व्हायला हवा.

मोजकी जमीन, वाढती मागणी

बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला आणि लोणावळा-खंडाळ्याचे रूप पालटले. पुढे टाटांच्या जलविद्युत योजनेची धरणे आली, नौदलाचे आयएनएस शिवाजी हे प्रशिक्षण केंद्र आले. रेल्वेची जमीन, वनखात्याची जमीन आणि उभे डोंगरउतार वगळले, तर घरांसाठी उरणारी जागा येथे मुळातच मोजकी. तिच्यावर मुंबई-पुण्याच्या कुटुंबांचे बंगले, निरनिराळ्या समाजांची आरोग्यभवने, हॉटेले आणि सुट्टीसाठी घेतलेल्या सदनिकांची संकुले उभी राहिली. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाल्यावर ही मागणी लोणावळ्याची वेस ओलांडून मळवली, कार्ला, कामशेत आणि पवना धरणाच्या काठापर्यंत पोहोचली.

सुट्टीचा बंगला वर्षातील पुष्कळ दिवस कुलूपबंद असतो. त्याचा राखणदार, माळी, स्वयंपाक करणारी बाई, बाजारातील दुकानाचा नोकर, चिक्कीच्या कारखान्यातील कामगार आणि रिक्षाचालक मात्र गावाला बारा महिने लागतात. २०११ च्या जनगणनेत सुमारे ५७ हजार लोकसंख्या असलेल्या या नगरपरिषदेत अशा कुटुंबांपुढे दोनच वाटा उरतात. एक तर डोंगराच्या कडेला अथवा रेल्वेलगतच्या वस्तीत खोली घ्यावयाची, नाहीतर कामशेत-वडगावकडून रोज लोकलने यावयाचे. त्यांच्या श्रमावर बाजार चालतो, पण जमिनीच्या बाजारात त्यांची पत शून्य असते. जेथे दुसऱ्या घराचा ग्राहक भाव ठरवतो, तेथे पहिल्या घराचा ग्राहक आपोआप मागे पडतो. ही तूट नियोजनानेच भरून काढता येते.

रद्द झालेला आराखडा

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले. मावळ तालुका त्याच्या क्षेत्रात येतो. प्राधिकरणाने ऑगस्ट २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला. त्यावर साठ हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या. सुनावण्या झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयातही गेले आणि अखेर २०२५ मध्ये राज्य शासनाने तो आराखडाच रद्द केला. त्यामुळे १९९७ साली मंजूर झालेली प्रादेशिक योजना हाच ग्रामीण भागाच्या नियोजनाचा आधार राहिला. ती योजना मंजूर झाली तेव्हा द्रुतगती मार्गही पुरा झालेला नव्हता. पाव शतकापूर्वीच्या गरजांवर बेतलेला नकाशा आजच्या मावळाला पुरणे शक्य नाही. नवे नियोजन करावेच लागेल.

लोणावळा शहराची स्थिती आणखी निराळी आहे. राज्यातील बहुतेक शहरांसाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. बृहन्मुंबई, थंड हवेच्या ठिकाणांच्या नगरपरिषदा आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित प्रदेश तिच्यातून वगळले गेले. त्या यादीत लोणावळा नगरपरिषदेचा उल्लेख स्वतंत्रपणे, नावानिशी आहे. उंची, चटई क्षेत्र आणि मोकळ्या जागा यांवरील वेगळे निर्बंध या घाटमाथ्यावर योग्यच आहेत. येथे वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पण बांधकामाला मर्यादा घालताना त्या मर्यादित बांधकामातील काही वाटा लहान घरांना मिळाला नाही, तर मर्यादेचा सगळा भार गरिबांवर पडतो. श्रीमंतांना घर महाग पडते आणि गरिबांना ते मिळतच नाही.

एका एकराचा हिशेब

नियम कोणाला घडवतात आणि कोणाला वगळतात, हे एका साध्या हिशेबाने कळते. शेती विभागात फार्महाऊससाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते. एक एकर, एक घर, आणि पुष्कळदा एकच कुटुंब, तेही सुट्टीपुरते.

हाच एक एकर म्हणजे चार हजार चौरस मीटर. मोठ्या शहरांसाठी २०१३ पासून सर्वसमावेशक गृहनिर्माणाचा नियम आहे. दहा लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांसाठी तो मुख्यतः घडवला गेला. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा रेखांकन आराखडा मंजूर करताना २० टक्के भाग आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावा लागतो. एका एकरात ही जागा ८०० चौरस मीटर होते. प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकांच्या घराचे चटई क्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत धरले आहे. रस्ते व मोकळी जागा सोडूनही त्या आठशे मीटरवर अनेक कुटुंबांचा संसार उभा राहू शकतो.

म्हणजे तेवढीच जमीन एका नियमाखाली एका बंगल्याची होते आणि दुसऱ्या नियमाखाली तिच्यात माळ्याच्या व राखणदाराच्या घरालाही वाटा मिळतो. सत्तावन्न हजारांच्या नगरपरिषदेला मोठ्या शहराचा हा नियम लागत नाही. तथापि, जेथे जमिनीचे भाव महानगराशी स्पर्धा करतात, तेथे लोकसंख्येचा निकष अपुरा ठरतो. घाटमाथ्याला साजेशा प्रमाणात, कमी उंचीच्या इमारतींमध्ये, असाच वाटा राखण्याची तरतूद मागणे हे अवाजवी म्हणता येणार नाही.

कायद्यात आणखी एक मार्ग आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार नगररचना योजना आखताना एकूण क्षेत्राच्या दहा टक्क्यांपर्यंत जमीन दुर्बल घटक, अल्प उत्पन्न गट आणि विस्थापित यांच्या घरांसाठी देता येते. शेजारच्या मुळशी तालुक्यात माण-म्हाळुंगे येथे प्राधिकरणाने अशी नगररचना योजना हाती घेतली. मावळात धरणे, महामार्ग आणि औद्योगिक वसाहती यांसाठी शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या जमिनी दिल्या आहेत. त्यामुळे या तरतुदीतील विस्थापित हा शब्द येथे विशेष अर्थपूर्ण आहे.

निसर्ग विरुद्ध गरीब, हा खोटा पेच

लहान घरांचा विषय निघाला की डोंगर धोक्यात येईल, असा आक्षेप लगेच घेतला जातो. डोंगराची काळजी खरी आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखालच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर तोच घाला आला. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नको, हा नियोजनातील दंडक त्यासाठीच आहे आणि त्याला अपवाद असू नये.

पण उतारावर राहण्यास कोण भाग पडते, हेही पाहिले पाहिजे. सपाट आणि सुरक्षित जमीन परवडली नाही, म्हणून माणूस चढावर खोली बांधतो. त्यास तेथून उठवावयाचे, तर खाली जागा दाखवावी लागेल. केंद्र शासनाने ३१ जुलै २०२४ रोजी काढलेल्या पश्चिम घाट अधिसूचनेच्या मसुद्याकडेही याच दृष्टीने पाहता येईल. त्यात प्रस्तावित बंदी आहे ती २० हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या नव्या बांधकाम प्रकल्पांवर आणि ५० हेक्टरांच्या पुढील नव्या नगरांवर. गावालगतची लहान घरकुले त्या बंदीच्या कक्षेत येत नाहीत. निसर्गाला भार होतो तो प्रामुख्याने अजस्र प्रकल्पांचा. त्याचे खापर तीस मीटरच्या घरावर फोडणे न्यायाचे नाही.

घरासोबत पाण्याचाही विचार हवा, ही जाण या भूमीला नवी नाही. कामशेतजवळच्या पाले येथील लेण्यात अरिहंतांना नमन करून सुरू होणारा, दोन हजार वर्षांपूर्वीचा मानला जाणारा शिलालेख आहे. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या जैन लेखांत त्याची गणना होते. इंद्ररक्षित नावाच्या भदंतांनी सहकाऱ्यांसह लेणे आणि पाण्याची पोढी खोदविली, एवढाच त्यातील मजकूर. निवारा कोरणाऱ्यांनी पाण्याचे टाकेही त्याच कामाचा भाग मानले. आज मात्र पवनेचे पाणी दूरच्या शहराला पोहोचते आणि धरणाच्या शेजारच्या वाड्यांत उन्हाळ्यात हंडे फिरतात. घरांची जागा दाखवणाऱ्या आराखड्याने पाणी, सांडपाणी आणि रस्ता यांची सोयही त्याच पानावर दाखवली पाहिजे.

पुनर्विकासात कोणाचे मत?

लोणावळा-तळेगावच्या जुन्या बाजारपेठांतील घरे आता पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी कलम ७९-अ अन्वये ४ जुलै २०१९ चे निर्देश आहेत. सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती आणि ५१ टक्के सभासदांची संमती त्यात आवश्यक मानली आहे. जुन्या भाडेकरूंना १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण आहे. परंतु इमारतीच्या मागील खोलीत वीस वर्षे राहणारा, भाडेपावती नसलेला दुकानातील नोकर ना सभासद असतो, ना कायद्याच्या नजरेत भाडेकरू. इमारत पडली की त्याचे गाव सुटते. पुनर्विकासाचा करार करणाऱ्या कुटुंबांनी विकासकाशी बोलणी करतानाच अशा माणसांसाठी एखाददुसरी लहान सदनिका वा भाड्याची खोली राखून ठेवली, तर सर्वांच्या नफ्यात फार मोठा फरक पडत नाही. त्या माणसाच्या मुलांची शाळा मात्र सुटत नाही.

हरकतीचा तो महिना

जमीनमालकांची व्यथाही दुर्लक्षिण्यासारखी नाही. घरांसाठी म्हणून एखाद्या शेतकऱ्याच्या गटावर आरक्षण पडते आणि वर्षानुवर्षे ना मोबदला मिळतो, ना वापराची मोकळीक. म्हणूनच अधिनियमाच्या कलम १२७ मध्ये, दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालकाने सूचना दिल्यावर २४ महिन्यांनी आरक्षण व्यपगत होण्याची तरतूद आहे. मालकाला हा न्याय हवाच. मात्र दर वेळी आरक्षण असेच विझत गेले, तर नकाशावर रंगवलेली घरे नकाशावरच राहतात. आरक्षणासोबत त्यासाठीचा पैसा नगरपरिषदेच्या व प्राधिकरणाच्या अंदाजपत्रकात आहे का, हा प्रश्न नागरिकांनी दर वर्षी विचारला पाहिजे.

नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचनांसाठी तीस दिवसांची मुदत असते. मंजूर योजनेत कलम ३७ खाली फेरबदल प्रस्तावित झाला, तरी एका महिन्याची संधी मिळते. कायद्याने ही संधी कोणत्याही व्यक्तीला दिली आहे. हरकत घेणारा जमीनमालकच असावा, अशी अट नाही. प्रत्यक्षात मात्र ज्याचा गट, त्याचीच हरकत येते. ज्याला गट नंबरच नाही, त्याच्या वतीने कोणी लिहीत नाही. मग घरांसाठीचे आरक्षण हटवा, असे सांगणारा कागद सुनावणीत असतो आणि ते राहू द्या, असे सांगणारा कागदच नसतो. नियोजन समितीला जे ऐकू येते, त्यावरच तिचा कौल झुकतो.

मावळ-लोणावळ्यात ज्या कुटुंबांचा बंगला, भूखंड, दुकान किंवा कारखाना आहे, त्यांच्याकडे वकील असतो, वास्तुविशारद असतो, अर्ज लिहिण्याची सवय असते. आपल्या गटाविषयीची हरकत ते नोंदवतीलच आणि तो त्यांचा हक्क आहे. त्याच लिफाफ्यात दुसरा एक कागद घालणे त्यांना अवघड नाही. घरांसाठीचे आरक्षण सपाट, पाणी व स्थानकाजवळच्या जागेवर ठेवावे, मोठ्या रेखांकनात लहान घरांचा वाटा असावा, आणि उतारावरील वस्तीचे पुनर्वसन त्याच गावात व्हावे, एवढ्या तीन मागण्या त्यात असल्या तरी पुरे. आपल्या राखणदाराला व नोकरालाही तो कागद समजावून सांगून त्याच्या सहीने स्वतंत्र अर्ज देता येतो. सुनावणीच्या दिवशी त्याला पगारी रजा द्यावी, म्हणजे तो स्वतः उभा राहून आपले म्हणणे मांडू शकेल.