पदकाच्या अलीकडची पाच वर्षं

2025 मध्ये 16 सप्टेंबरला टोकियोत जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेत पुरुषांच्या उंच उडीची अंतिम फेरी झाली. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे 2.28 मीटर उंचीवरून पार गेला आणि जगात सहावा आला. या प्रकारात जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. आजची उंच उडी पाठ दांडीकडे करून मारतात आणि खाली येतानाही पाठीवर यावं लागतं. जाड गादी नसेल तर ही उडी शिकताच येत नाही, मानेला इजा व्हायची. सर्वेशच्या शाळेकडे फोमची गादी नव्हती. त्याच्या शिक्षकांनी मक्याच्या भुशाची गादी तयार केली आणि पोरगा त्यावर उड्या मारायला शिकला.

तेव्हापासून ही हकिगत आपण सगळे कौतुकानं सांगतो आहोत. कौतुक योग्यच आहे. पण अशी गादी ज्यांच्या शिक्षकांना सुचली नाही किंवा जमली नाही, अशी किती मुलं उडी न मारताच शाळेबाहेर पडली असतील, हा प्रश्न आम्हाला सोडत नाही. म्हणून या अंकाची सुरुवात खेळाडूंच्या विषयानं करतो आहोत.

महाराष्ट्रात गुणी मुलं कमी नाहीत. खेलो इंडिया युवा स्पर्धांत पुणे, गुवाहाटी, भोपाळ, तमिळनाडू आणि 2025 मध्ये बिहार, इतक्या वेळा पदकतक्त्यात आपण पहिले आलो. 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी कंपाउंड तिरंदाजीचे जगज्जेते झाले. आदिती तेव्हा 17 वर्षांची होती. 2025 च्या जुलैत नागपूरचीच दिव्या देशमुख 19व्या वर्षी बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. आणि तरीही ऑलिंपिकच्या वैयक्तिक पदकांचा हिशेब मांडला, की 1952 चे मल्ल खाशाबा जाधव आणि 2024 चा नेमबाज स्वप्नील कुसाळे या दोन नावांमध्ये 72 वर्षं मोकळी दिसतात. सोळाव्या वर्षी देशात पहिली येणारी मुलं पंचविसाव्या वर्षी कुठे असतात?

त्यांतली बरीच भरतीच्या मैदानावर असतात. पहाटे कुठल्याही तालुक्याच्या गावी जाऊन पाहा, पळणाऱ्या दहा मुलांतली आठ पोलीस भरतीचे 1600 मीटर पळत असतात. त्यात कमीपणा काहीच नाही. त्या नोकरीवर घर उभं राहतं, बहिणीचं शिक्षण होतं. पण ज्याचे पाय तीन हजार मीटर स्टीपलचेससाठी घडलेत, तोही 1600 वर थांबतो, कारण पुढची पाच वर्षं त्याला कोण पोसणार, हे त्याच्या घरात कुणालाच ठाऊक नसतं. मुलींच्या बाबतीत याच वयात स्थळं यायला लागतात. बारावीचं वर्ष, पहिली मोठी दुखापत, वरच्या गटात गेल्यावरचे पहिले पराभव, सगळं याच काळात येतं. सतरा ते बावीस. आमच्या मते महाराष्ट्राचा खेळ इथे गळतो.

यातून तरलेलेही आहेत. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा मुलगा, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, बारावीनंतर सैन्यात गेला. सियाचीनला राहिला, आणि त्यानंतर सैन्याच्या क्रॉसकंट्रीत त्याचं पळणं कुणाच्या तरी नजरेत भरलं. 2022 मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमधलं त्याचं सुवर्ण सेकंदाच्या फक्त 5 शतांशांनी हुकलं. पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण आलं. फलटणजवळच्या सरडे गावचा तिरंदाज प्रवीण जाधव, सर्वेश, हेही सैन्यातलेच. स्वप्नील रेल्वेत. या दोन संस्थांचं ऋण मोठं आहे. मात्र त्या बहुतेक वेळा तयार होत आलेल्या खेळाडूला हात देतात.

लहानपणी हात द्यायला राज्याची क्रीडा प्रबोधिनी आहे, आणि ती चांगली योजना आहे. स्वप्नील आणि प्रवीण दोघंही तिथूनच घडले. उंची, वजन, 30 मीटर धाव, मेडिसिन बॉल फेक, 800 मीटर अशा चाचण्या घेऊन खेड्यातलं मूल निवडायचं, त्याला राहायला, खायला, शिकायला द्यायचं. वय वाढलं की मात्र तिथून बाहेर पडावं लागतं. दुसऱ्या टोकाला केंद्राची ‘टॉप्स’ योजना आहे. तिच्या मुख्य गटातल्या खेळाडूला महिना 50 हजार आणि विकास गटातल्याला 25 हजार रुपये हातखर्चाला मिळतात. तिथे पोहोचायला आधी आंतरराष्ट्रीय दर्जाची कामगिरी दाखवावी लागते. ती कामगिरी करायला फिजिओ लागतो, परदेशी स्पर्धांचा प्रवास लागतो, नेमबाजाला तर सराव म्हणजे रोज पैसे जाळणंच. कांबळवाडीचा स्वप्नील ऑलिंपिकच्या फायरिंग पॉइंटवर उभा राहिला तेव्हा त्याच्यामागे आंतरराष्ट्रीय नेमबाजीची बारा वर्षं होती, आणि स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या दीपाली देशपांडे यांच्यासारख्या प्रशिक्षक होत्या.

पदक आल्यावर मात्र आपला हात सढळ होतो. खाशाबांना हेलसिंकीला जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर 7 हजार रुपयांना गहाण ठेवलं होतं. पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आज बक्षिसं कोटींत गेली, तरी क्रम तोच आहे. कोटींचं बक्षीस खेळाडूचा हक्क आहे, ते कमी करा असं आम्ही म्हणणार नाही. पण राज्य दर वर्षी शंभर मुलांना सतरा ते बावीस या वयात दरमहा 20 हजार रुपये देऊ लागलं, तर पहिल्या वर्षीचा खर्च अडीच कोटींच्या आत राहतो. पाचही वर्षांची मुलं धरली तरी वर्षाला बारा कोटी.

सगळं सरकारनंच करावं असंही नाही. कोल्हापूर भागात साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देऊन तालमी जगवल्या. तेच मानधन धावपटूला, भालाफेक करणाऱ्या मुलीला का मिळू नये? पतसंस्था आहेत, गणेश मंडळं आहेत, परदेशातली महाराष्ट्र मंडळं आहेत. शाल-श्रीफळाच्या एका समारंभाला लागतो त्यापेक्षा थोडाच जास्त पैसा, पण पाच वर्षं न चुकता, आणि हरल्यावरही, द्यायला हवा. हरल्यावरही हे महत्त्वाचं, कारण या वयात मुलं हरतातच. शिवाय गादी बनवणाऱ्या शिक्षकाचाही वाटा त्यात असावा. अनेक शाळांत आज क्रीडाशिक्षकाचं पदच नाही; जिथे आहे तिथे तो माणूस मुलांच्या प्रवासाचा खर्च पदरचा करतो.

2026 च्या सप्टेंबरात जपानमध्येच आशियाई स्पर्धा आहेत. 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये कंपाउंड तिरंदाजीचा मिश्र सांघिक प्रकार ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच खेळला जाईल. सातारा-नागपूरच्या धनुर्धरांसाठी ते दार आत्ताच उघडलं आहे. 2032 ला ब्रिस्बेनमध्ये जे उतरतील ते आज पंधरा-सोळा वर्षांचे आहेत आणि शालेय स्पर्धांत खेळताहेत. सुट्टीत गावी गेलात तर शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना गाठा. यंदा जिल्ह्याला कोण गेलं, विभागाला कोण चाललंय, त्या मुलाच्या पायात स्पाइक्स आहेत का, नसतील तर कितव्या नंबरचे लागतील, एवढं विचारून घ्या.