आजीलाही एक तास द्या



या अंकासाठी बाईंनी सांगितले, "पुस्तकातला निबंध उतरवून आणू नका. स्वतःचे मत लिहा." मत लिहायचे म्हणजे थोडी भीतीच वाटते. पण एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे, ती लिहिते. माझे मत असे आहे की, आपल्या पाड्यावर जे शिकवले जाते आणि ज्या रीतीने शिकवले जाते, त्याला शाळेच्या वर्गात जागा मिळाली पाहिजे. फक्त भिंतीवर आणि स्नेहसंमेलनात नको.

आधी माझी चूक सांगते. मी चौथीत होते, तेव्हा माझा चुलतभाऊ दुसरीत होता. आम्ही एकाच खोलीत बसत असू. त्या वेळच्या गुरुजींनी तक्त्यावरचे चित्र दाखवून विचारले, "हे काय?" भाऊ उभा राहून मोठ्याने म्हणाला, "हाल्या!" सगळी खोली हसली. गुरुजी म्हणाले, "चूक. रेडा म्हणायचे." गुरुजी वाईट नव्हते. तक्त्यावर 'रेडा' असेच छापलेले होते. पण त्या दिवशी मीसुद्धा हसले, याची मला आज लाज वाटते. कारण आमच्या घरीही हाल्याच म्हणतात. माझ्या आजाने दोन हाल्यांवर सगळी शेती केली.

त्यानंतर भाऊ वर्गात बोलेनासा झाला. विचारले तरी खाली बघायचा. दिवाळीनंतर काका-काकी वीटभट्टीवर गेले, त्यांच्याबरोबर तोही गेला. पावसाळ्यात सगळे परत आले, पण तो शाळेत आला नाही. आता तो गुरे राखतो. शाळेत असता तर यंदा पाचवीला असता.

तो ढ आहे असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. पहिल्या पावसाच्या सुमाराला रानात शेवळं उगवतात, ती त्याला सगळ्यांच्या आधी दिसतात. शेवळं आणली की तो काकडं आणायला विसरत नाही. नुसते शेवळ खाल्ले तर घसा खाजतो. काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवले म्हणजे खाजत नाही. यंदा मी हे वर्गात सांगितले, तेव्हा बाईंनी फळ्यावर समजावून दिले. शेवळ ही सुरणाच्या कुळातली वनस्पती. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. तो विज्ञानाचा तास मी कधी विसरणार नाही. आजीला स्फटिकाचे नाव माहीत नाही, पण त्यावरचा उपाय माहीत आहे. बाईंना नाव माहीत होते, पण काकड कोणत्या झाडाला लागते ते आम्ही दाखवले. दोघींचे मिळून ज्ञान पुरे झाले.

आजीची शिकवण्याची रीतही निराळी आहे. ती "समजलं का?" असे विचारत नाही. पहिल्या वर्षी नुसते बरोबर नेते. दुसऱ्या वर्षी टोपली धरायला देते. तिसऱ्या वर्षी म्हणते, "जा, आण." चुकीचे आणले तर रागावत नाही, परत पाठवते. आणि वरचे तेवढेच खुडायचे, कंद उपटायचा नाही, हे ती सांगत नाही, करून दाखवते. म्हणून पुढच्या वर्षी त्याच जागी शेवळ पुन्हा येते.

राबाचेही तसेच. पाला आणि शेण पसरून जमीन भाजली की तणाचे बी मरते आणि राख खताला होते, हे बाबांनी मला कधी तोंडी सांगितले नाही. मी पाला वाहून शिकले.

आमच्या वारल्यांत लग्नाला सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात. पण आम्ही 'चौक काढला' म्हणत नाही, 'चौक लिहिला' म्हणतो. माझी आजी अंगठा करते, म्हणून कागदोपत्री ती निरक्षर आहे. पण ती चौक लिहिते! मग तिला काहीच येत नाही असे कसे म्हणायचे?

आपल्या डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे तुम्हाला माहीत असतील. ते गंजाडचे. लहानपणी आई वारल्यावर त्यांचे बोलणे बंद झाले होते. जे सांगायचे ते धुळीत चित्र काढून सांगत. पुढे त्यांची चित्रे परदेशात गेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते आपल्यातून गेले. त्यांच्यावरून मला वाटते की, वर्गात गप्प बसणारा मुलगा रिकामा नसतो. त्याची बोलायची रीत वेगळी असू शकते.

आता कोणी म्हणेल, ही नवीनच काहीतरी टूम काढली. नवीन नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली आपल्याच तालुक्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. म्हणजे जिथे गुरे, तिथे बाई! विकतची साधने नव्हती, तर बिया, पाने, खडे, शिंपले घेऊन मोजायला शिकवले. मुलांना नावे ठेवली नाहीत, शिकवायची रीत बदलली.

मी हे घरी वाचून दाखवले, तर बाबा म्हणाले, "रानातलं तं मीच शिकवीन. त्याला शाळा कशाला पायजे? तुला फारम भरता यावा, साहेबाशी बोलता यावं, म्हनून शाळेत धाडलीय." बाबांचे म्हणणे खोटे नाही. बँकेत, दवाखान्यात, तहसील कचेरीत 'हाल्या' चालणार नाही. शुद्ध मराठी आलीच पाहिजे, पुढे इंग्रजीही आली पाहिजे. पण ज्याला पहिल्याच दिवशी 'तुझा शब्द चूक' असे सांगितले, तो दुसरा शब्द शिकायला थांबेल का? माझा भाऊ थांबला नाही. आजी ऐकत होती, ती म्हणाली, "त्याला दोन नावं हायेत, तं दोन्ही शिकवा. एकाला कशाला हसता?" मला आजीचे म्हणणे पटले.

काही जण म्हणतील, शाळेच्या भिंतीवर तारपा नाच रंगवला आहे, ९ ऑगस्टला आदिवासी दिनी नाचही बसवतात, आणखी काय हवे? ते छानच आहे. पण नाच संपला की आम्ही पोशाख उतरवून ठेवतो आणि वर्गात पुन्हा गप्प बसतो. म्हणून मला पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट. पहिली-दुसरीच्या तक्त्यावर प्रत्येक चित्राखाली दोन शब्द लिहावेत. वरती घरचा, खाली पुस्तकातला. हाल्या – रेडा. आपल्या शाळेत वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशी सगळी मुले आहेत. ज्याच्या घरचा शब्द असेल, त्याने तो सांगावा. तक्ता आम्ही सातवीची मुले तयार करू.

दुसरी गोष्ट. महिन्यातून एक तास पाड्यावरच्या जाणत्या माणसाला द्यावा. कोणी सूप विणते, कोणी तारपा करते, कोणी बियाणे राखते. त्यांना व्हरांड्यात बसवू नये, गुरुजींच्या खुर्चीवर बसवावे.

तिसरी गोष्ट. गणित घरच्या मापावर करावे. एका पायलीत भात भरून तोलावे, मग त्याच पायलीत नागली भरून तोलावी. माप तेच, वजन मात्र निराळे. असे का, ते आम्ही शोधून काढू.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला. त्याप्रमाणे शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घेता येते, असे बाईंनी सांगितले. मातृभाषेतून शिकवावे, असेही त्यात शक्य तेवढे धरले आहे. म्हणजे माझ्या भावाला पाचवीत बसता येईल. मी त्याला तसे सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आनि मी हाल्या म्हनलं तं?"

मी त्याला अजून उत्तर दिलेले नाही. ते मी एकटी देऊ शकत नाही. मित्रांनो, ते आपण सर्वांनी द्यायचे आहे. आणि पालकांनो, तुम्हाला जे येते ते शाळेत सांगायला लाजू नका. ज्यांना हे वाचता येत नसेल, त्यांना शेजारी उभ्या असलेल्या मुलाने वाचून दाखवावे, ही विनंती.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर मोठ्यांनी पोटात घालावे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी