गप्पा आपल्या, सर्व्हर कुणाचा?

बारामती-इंदापूरच्या माणसाला मालकीचा धडा कुणी शिकवायची गरज नाही. माळेगाव असो, सोमेश्वर असो की भवानीनगर, उसाची गाडी काट्यावर उभी राहिली की पहिला प्रश्न असतो, काटा कुणाच्या ताब्यात आहे? सभासदत्व, मतदान, वार्षिक सभा आणि त्या सभेतला आरडाओरडा, हे सगळं त्या एका प्रश्नासाठी चालतं. सहकाराचं पुढं काय झालं, तो कुणाच्या खिशात गेला, हा वेगळा विषय आहे. पण मालकी विचारायची सवय इथल्या मातीत आहे. ती सवय मोबाईल हातात आला की कुठं जाते?

आपल्या मोहल्ल्याचा निम्मा कारभार आज चॅटच्या गटांवर चालतो. मयतीची खबर, रक्तदात्यांची यादी, शिष्यवृत्तीची मुदत, ईदच्या नमाजची वेळ, वर्गणीचा हिशेब. हे सगळं ज्या व्हॉट्सॲपवर आहे, ते फेसबुकनं २०१४ मध्ये सुमारे १९ अब्ज डॉलरला विकत घेतलं. एवढे पैसे कशाचे मोजले? प्रोग्रामचे नक्कीच नाहीत. व्हॉट्सॲपचा पाया ज्यावर घातला गेला, ते ईजॅबरडी नावाचं सॉफ्टवेअर आजही कुणालाही फुकट उतरवून घेता येतं. किंमत होती तुमच्या-माझ्या नंबरांची, आणि कोण कुणाशी बोलतो याच्या नकाशाची. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी अटी बदलल्या आणि 'मान्य करा' असं बटण समोर ठेवलं. त्या अटींबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटींचा दंड लावला. प्रकरण अपिलात गेलं. आपण मात्र बटण दाबून कधीच मोकळे झालो होतो.

"मोफत आहे की, तुमचं काय जातं?" असं विचारणाऱ्याला मी एकच सांगतो: घरातल्या मुलीला विचारा. नेहमीच्या गटात पाऊल टाकलं की तिचा नंबर गटातल्या प्रत्येकाला दिसतो. दोनशे अनोळखी पुरुष असलेल्या शिष्यवृत्तीच्या गटात ती येत नाही, आणि येत नाही म्हणून तिला मुदत कळत नाही. मग आपणच परिषदा भरवून विचारतो की मुली मागे का पडतात. २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' या नावांनी मुस्लिम स्त्रियांचे फोटो लिलावाला लावले गेले. त्यानंतर आपल्या बहिणीनं नंबर जपला तर तो तिचा भित्रेपणा म्हणायचा का? नंबर हीच ओळख, हा नियम कंपनीनं तिच्या सोयीसाठी केला. तो मोडता येतो.

कसा, ते सांगतो. १९९९ मध्ये जॅबर नावानं सुरू झालेली एक पद्धत आहे, आज तिला एक्सएमपीपी म्हणतात. २०१४ पासून मॅट्रिक्स नावाची दुसरीही आहे. फ्रान्सच्या सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तिच्यावरच स्वतःची चॅट उभी केली. दोन्हीत पत्ता ईमेलसारखा असतो: नाव आणि सर्व्हर. मोबाईल नंबर लागतच नाही. तुमचा सर्व्हर बारामतीत, माझा पुण्यात, तिसऱ्याचा जर्मनीत. एकाच पद्धतीचे असले की सगळे एकमेकांशी बोलतात, जसं एका कंपनीच्या सिमवरून दुसऱ्या कंपनीच्या सिमला फोन लागतो. याला संघीय जाळं म्हणतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मॅट्रिक्सचा सगळ्यात मोठा सार्वजनिक सर्व्हर डेटाबेस बिघडून जवळपास दिवसभर बंद पडला. ज्यांची खाती स्वतःच्या सर्व्हरवर होती, त्यांचं आपसातलं बोलणं चालूच राहिलं.

मी नोकरी पुण्यात करतो, घर बारामतीत. आमच्या विद्यार्थी मदत गटासाठी मी आणि दोन मित्र असा एक सर्व्हर चालवतो. प्रोसोडी नावाचं हलकं सॉफ्टवेअर, भाड्याचं छोटं मशीन, महिन्याला ५००-६०० रुपये. घरच्या ब्रॉडबँडवर ठेवता आलं असतं, पण तालुक्याच्या गावात स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता सहसा मिळत नाही, आणि वीज कधी जाईल ते महावितरणच जाणे. अँड्रॉइडवर कन्व्हर्सेशन्स, आयफोनवर मोनाल. नोंदणी फक्त निमंत्रणानं. उघडी ठेवली की आठवडाभरात स्पॅमवाले घुसतात.

हे सुरू करायला एक मयत कारण झाली. आमच्या जुन्या गटाचे एकमेव ॲडमिन होते एक चाचा. ते वारले. फोन घरच्यांकडे, पासवर्ड कुणाला माहीत नाही. रक्तदात्यांची यादी त्यांच्याच फोनमध्ये. गटात नवा माणूस घेता येईना, भांडखोराला काढता येईना. घरच्यांच्या दुःखात फोन मागायला जायची कुणाची हिंमत झाली नाही. आमच्या सर्व्हरवर चालकाचं पद माणसाच्या सिमला बांधलेलं नाही; मशीनच्या किल्ल्या तिघांकडे आहेत आणि पद एकाकडून काढून दुसऱ्याला देता येतं.

आता खरा आक्षेप. "आपल्या नावाच्या पोरांनी एनक्रिप्टेड सर्व्हर चालवायचा? पोलीस दारात येतील." ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारनं जम्मू-काश्मीरमधल्या वापराचं कारण देऊन १४ ॲप बंद केल्याची बातमी आली, त्यात मॅट्रिक्सचं एलिमेंटही होतं. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून दंगल झाली, सप्टेंबरमध्ये पुसेसावळीत पोस्टवरून एका तरुणाचा जीव गेला. आपल्या सर्व्हरनं यातलं काहीही थांबलं नसतं. स्क्रीनशॉट कुठूनही निघतो.

पण भीतीचाही हिशेब नीट मांडा. एनक्रिप्शन तर व्हॉट्सॲपवरही २०१६ पासून आहे, तिथं कुणी संशयित ठरत नाही. स्वतःचा चॅट सर्व्हर चालवायला बंदी नाही. २०२१ च्या आयटी नियमांतली मूळ प्रेषक शोधून देण्याची अट ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्यांना आहे. लहानांनाही कायदेशीर आदेश पाळावे लागतात, आणि एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांत नोंदी १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे. ते वाचा, वकिलाला दाखवा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये म्हटलं की समान हेतू नसेल तर सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. तो निकाल व्हॉट्सॲप गटाचा आहे, तरी माहीत असावा. आणि लपूनछपून तर काहीच करू नका. नोंदणीकृत संस्थेच्या नावावर डोमेन घ्या, जबाबदार माणसाचं नाव आणि संपर्क पानावर लिहा, नियम मराठीत लावा.

मला जास्त भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते, आणि आमचे संगणकवाले मित्र ती टाळतात. मजकूर कुलूपबंद असला तरी कोण कुणाशी कधी बोललं, हे सर्व्हर चालवणाऱ्याला दिसू शकतं. अमेरिकेतल्या कंपनीला सलमा कुणाशी रात्री अकराला बोलते यात रस नाही. मोहल्ल्यातल्या माणसाला असू शकतो. म्हणून कायद्याला लागतात तेवढ्याच नोंदी, त्या उघडायच्या तर दोघांनी मिळून, आणि त्या दोघांत एक स्त्री. हे जमणार नसेल तर सर्व्हर काढूच नका. तालुक्यात आणखी एक चौधरी तयार करायची गरज नाही.

"सांभाळणार कोण?" हा प्रश्न तर मला ऐकवतच नाही. विद्या प्रतिष्ठानपासून पुण्यापर्यंतच्या कॉलेजांतून शिकलेली आपली किती पोरं आज हिंजवडीत, खराडीत परदेशी ग्राहकांचे सर्व्हर रात्रपाळीला सांभाळतात! आठवड्याचा एक तास अपडेट आणि बॅकअपला द्यायला त्यांना जड का जावं? ज्यांना तेवढंही नको, त्यांनी प्रावकडे पाहावं. भारतातल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी एक्सएमपीपीवर उभी केलेली ही चॅट सहकारी तत्त्वावर चालवायचा त्यांचा बेत आहे. साखरपट्ट्यात राहून सहकारी चॅटची कल्पना आपल्याला सुचली नाही, याची थोडी लाज वाटायला हवी.

राहता राहिले इंदापूरचे मित्र. त्यांना आमच्या सर्व्हरवर खाती देऊ केली, तर म्हणाले, "बारामतीच्या मशीनवर आम्ही का यायचं?" पाण्यावरून चालतं तेच इथंही. मी वाद घातला नाही, कारण संघीय जाळ्यात त्यांचं म्हणणंच बरोबर आहे. त्यांनी स्वतःचं डोमेन घेतलंय, मशीन घेतलंय, पहिल्या दिवशी दोन्हीकडच्या खोल्या जोडून पाहिल्या तेव्हा निरोप जात होते. नियम त्यांनी आमच्याहून कडक ठेवलेत: फॉरवर्ड केलेला व्हिडिओ आला की पाठवणाऱ्यानं तो कुठून आला ते लिहायचं, नाहीतर एक दिवस बोलायचं बंद. आमच्या दोघांना ती शिक्षा झालीय, पैकी एक माझा सख्खा भाऊ.