मागण्यांच्या यादीतील एक विशेषनाम

बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात मस्साजोग नावाचे गाव आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी या गावचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांची निर्घृण हत्या करण्यात आली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीला आडवे आल्याचा राग या हत्येमागे होता, असे तपासयंत्रणेचे म्हणणे. फेब्रुवारी २०२५ मध्ये गावकऱ्यांनी अन्नत्याग आंदोलन सुरू केले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत फरार आरोपीची अटक होती आणि कुचराई करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांवरील कारवाईही होती. शिवाय आणखी एक मागणी होती. खटला उज्ज्वल निकम यांनीच चालवावा, ही ती मागणी. शासनाने ती तातडीने मान्य केली आणि निकम यांची विशेष सरकारी वकील म्हणून, तर बाळासाहेब कोल्हे यांची त्यांचे सहायक म्हणून नेमणूक केली.

आम्हांला ही तिसरी मागणी पहिल्या दोहोंपेक्षा अधिक विचारात पाडणारी वाटते. आंदोलनांच्या निवेदनांची भाषा ज्यांनी थोडीफार वाचली आहे त्यांना ठाऊक असेल की त्या यादीत बहुधा सामान्यनामे असतात : पाणी, रस्ता, चौकशी, अटक, भरपाई. येथे यादीत एक विशेषनाम आले. न्याय हवा, एवढे म्हणून भागत नव्हते. न्याय कोणाच्या तोंडून मागितला जावा तेही सांगावे लागत होते. ज्या गावाने पोलीस ठाण्याचा अनुभव घेतला, त्याने संस्थेऐवजी माणसाचे नाव घेतले तर त्यात त्या गावाला दोष देता येत नाही. पण नाव घेतले गेले तेव्हा ते नाव एका वकिलापुरते उरलेले नव्हते. वर्षभरापूर्वीच त्या नावाने लोकसभेची निवडणूक लढवलेली होती.

वकील राजकारणात गेला, यात महाराष्ट्राला नवल वाटण्याचे कारण नाही. खरे तर शब्दच साक्ष देईल. पेशवाईच्या कागदपत्रांत ‘वकील’ म्हणजे दरबारी नेमलेला राजकीय प्रतिनिधी. निजामाच्या दरबारी पुण्याचे वकील गोविंदराव काळे होते, ते काही दिवाणी दावे चालवीत नव्हते. पुढे टिळकांनी कायद्याचे वर्ग चालवले, आंबेडकरांनी बॅरिस्टरीचा झगा अंगावर असतानाच चवदार तळ्याचा लढा उभारला, यशवंतराव चव्हाण कराडला आणि विलासराव देशमुख लातूरला वकिली करत होते. मराठवाड्यात तर हैदराबाद संस्थानाच्या काळात, उर्दूत चालणाऱ्या न्यायालयांत उभे राहणारे वकील हेच पुष्कळदा सार्वजनिक जीवनाचे पहिले वाटसरू ठरले. दिगंबरराव बिंदू हे त्यांतले एक ठळक नाव. मोठमोठ्या कंपन्यांची वकिली सोडून राजकारणात शिरणारी माणसे पाश्चात्त्य देशांतही उदंड आहेत. त्यांच्याबाबत प्रश्न असतो तो जुन्या अशिलांच्या हितसंबंधांचा. अशील सोडले, भागीदारी सोडली, की निदान कागदोपत्री तो प्रश्न मिटतो.

सरकारी वकिलाचे तसे नाही. त्याला एकच अशील, आणि तो अशील म्हणजे राज्य. पर्यायाने तुम्ही-आम्ही सगळे. हा अशील सोडता येतो, पण त्याची जागा पक्ष घेऊ लागला तर काय, हा प्रश्न कंपनीच्या वकिलापुढे उभाच राहत नाही.

निकम यांची कारकीर्द जळगावच्या जिल्हा न्यायालयातून सुरू झाली. १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्याने त्यांना राज्यभर ओळख दिली. टाडा न्यायालयात वर्षानुवर्षे चाललेल्या त्या खटल्यात २००६-०७ मध्ये न्यायमूर्ती प्रमोद कोदे यांनी १०० जणांना दोषी ठरवले. इतक्या वर्षांची चिकाटी, हजारो पानांच्या पुराव्यावरील पकड, उलटतपासणीतला धारदारपणा, यांविषयी शंका घेण्याचा आमचा मानस नाही. गुलशनकुमार हत्या, शक्ती मिल, कोपर्डी, अशी त्यांच्या खटल्यांची नामावली महाराष्ट्राच्या तीन दशकांच्या दुःस्वप्नांची अनुक्रमणिकाच आहे. मात्र याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती. वृत्तवाहिन्या आल्या, आणि न्यायालयाच्या पायऱ्यांवर कॅमेरे उभे राहिले. आतला युक्तिवाद न्यायाधीशांसाठी आणि बाहेरचा जनतेसाठी, असे एकाच खटल्याचे दोन प्रयोग होऊ लागले. आतल्या प्रयोगाला पुराव्याचा कायदा लागू होता. बाहेरच्याला कोणताही नाही.

त्या बाहेरच्या प्रयोगाचे सर्वांत प्रसिद्ध वाक्य बिर्याणीचे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील जिवंत पकडला गेलेला आरोपी अजमल कसाब तुरुंगात मटण बिर्याणी मागतो, असे निकम यांनी पत्रकारांना सांगितले आणि देश संतापला. पुढे मार्च २०१५ मध्ये जयपूर येथील दहशतवादविरोधी परिषदेच्या वेळी त्यांनीच सांगितले की कसाबने बिर्याणी कधी मागितली नव्हती आणि शासनाने ती त्याला दिलीही नव्हती. रक्षाबंधनाच्या दिवशी न्यायालयात कसाबने मान खाली घालून डोळे पुसल्याचे दिसले, त्याला बहीण आठवली काय अशा चर्चा वाहिन्यांवर सुरू झाल्या, आणि त्याच्याविषयी निर्माण होऊ पाहणारी सहानुभूती मोडण्यासाठी आपण ती गोष्ट रचली, असा त्यांचा खुलासा होता.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या प्रसंगाकडे थोडे थांबून पाहावे, असे आम्हांला वाटते. एका बाजूला अश्रू, दुसऱ्या बाजूला बिर्याणी. एका प्रतिमेने दुसरीचा नाश करायचा, हे कसब ज्याला साधते त्याला भाषेची शक्ती पुरेपूर उमगलेली असते. निवड पाहा : पैसे नाहीत, सिगारेट नाही, पुस्तक नाही, बिर्याणीच. चैन, परधर्म आणि पाहुणचार हे तीन अर्थ एका पदार्थात कोंबलेले. पुढे कित्येक वर्षे राजकीय सभांतून ‘आमच्या पैशाने बिर्याणी खाऊ घातली’ हा आरोप फिरत राहिला, यावरून त्या प्रतिमेचे बळ कळावे. परंतु कल्पित आणि असत्य यांतला भेद आपण वर्गात शिकवतो तो एका करारावर उभा असतो. कादंबरी वाचणाऱ्याला ठाऊक असते की हे रचलेले आहे. येथे वाचकाला ते ठाऊक नव्हते, आणि सांगणारा कादंबरीकार नव्हता. तो राज्याच्या वतीने बोलत होता. कसाबविरुद्ध पुरावा भक्कम होता, न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांनी मे २०१० मध्ये त्याला फाशी सुनावली, वरच्या न्यायालयांनी ती कायम केली, २१ नोव्हेंबर २०१२ रोजी ती अमलात आली. बिर्याणीवाचून यातले काहीही अडले नसते. मग ती कोणासाठी शिजली? न्यायाधीशांसाठी तर नक्कीच नाही. ज्या श्रोत्यांसाठी ती रचली गेली त्यांनाच आपण एरवी मतदार म्हणतो. राजकारणातला प्रवेश २०२४ चा खरा, पण श्रोते बदलण्याची प्रक्रिया त्याच्या कितीतरी आधीची आहे, असे आमचे मत आहे.

याउलट खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६ च्या त्या हत्याकांडाचा खटलाही निकम यांनीच चालवला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र लागू होत नाही असे ठरवले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून जन्मठेप केली आणि हत्येचे कारण सूडच मानले. शिक्षा झाली, तरी ज्या शब्दासाठी दलित समाज रस्त्यावर उतरला होता तो ‘जात’ हा शब्द निकालातून निसटला. तो कायदा लागू न करणे हा निर्णय न्यायालयांचा. तरीही गाजलेल्या सरकारी वकिलाच्या यशाचे मोजमाप फाशी-जन्मठेपेच्या आकड्यांत करण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिला हा खटला पुरून उरतो.

२०२४ कडे येऊ. भारतीय जनता पक्षाने निकम यांना उत्तर मध्य मुंबईची उमेदवारी दिली आणि तेथील विद्यमान खासदार पूनम महाजन यांना वगळले. बीडच्या वाचकाला यातली विचित्र गुंफण सांगायला नको. पूनम महाजन या अंबाजोगाईत वाढलेल्या प्रमोद महाजनांच्या कन्या. २००६ मध्ये प्रमोद महाजनांची हत्या झाली तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाविरुद्धचा खटला निकम यांनीच चालवला आणि डिसेंबर २००७ मध्ये जन्मठेपेची शिक्षा झाली. एखाद्या नाटककाराने हे कथानक रचले असते तर समीक्षकांनी त्यावर योगायोगाचा आक्षेप घेतला असता. निवडणुकीत काँग्रेसच्या वर्षा गायकवाड यांनी निकम यांचा १६,५१४ मतांनी पराभव केला. उमेदवारीसाठी त्यांनी सरकारी खटल्यांची कामे सोडली होती. निकालानंतर राज्य शासनाने त्यांची फेरनेमणूक केली आणि विरोधकांनी त्यावर टीका केली. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नामनियुक्त केले.

राज्यघटनेच्या ८० व्या अनुच्छेदात नामनियुक्त सदस्यांसाठी चार क्षेत्रे सांगितली आहेत : साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा. कायदा त्यांत नाही. अर्थात फली नरिमन, के. पराशरन असे विधिज्ञ यापूर्वीही याच दाराने आत गेले आहेत, तेव्हा हा आक्षेप एकट्या निकमांवर घेणे रास्त होणार नाही. (चार शब्दांपैकी पहिला शब्द ‘साहित्य’ असूनही मराठी लेखकांची आठवण या दाराशी किती वेळा होते, हा आमचा जुना सल, तो येथे नको.)

आमचा आक्षेप निराळा आहे. मस्साजोगच्या खटल्यात मुख्य आरोपी म्हणून ज्याचे नाव आरोपपत्रात आले तो तत्कालीन मंत्री धनंजय मुंडे यांचा निकटवर्तीय मानला जात होता. स्वतः मंत्री आरोपपत्रात आरोपी नव्हते. तथापि ४ मार्च २०२५ रोजी त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. ते ज्या पक्षाचे, तो पक्ष राज्यात भाजपसह सत्तेत. अशा खटल्यात भाजपचा माजी उमेदवार राज्याच्या वतीने उभा राहतो. यावर कोणी म्हणेल, हे तर निःपक्षपातीपणाचेच लक्षण झाले. मित्रपक्षाची भीड न ठेवता तो खटला चालवीलच. चालवीलही. त्यांच्या हेतूविषयी आम्ही काहीच म्हणत नाही. पण शिक्षा झाली तर एक बाजू म्हणेल की राजकीय हिशेब चुकता झाला, आणि कोणी सुटला तर दुसरी म्हणेल की तडजोड झाली. पुरावा कसा होता, हे विचारणारा आवाज या गदारोळात कोठे ऐकू यायचा? ज्या गावाने विश्वासाने हे नाव मागितले त्याच्या पदरात निकाल पडेल तो आधीच दोन अर्थांनी डागाळलेला. म्हणून संसद किंवा सरकारी वकिली, दोहोंपैकी एकच, असा दंडक स्वतःहून घालून घेणे हे निकमांच्या कीर्तीला अधिक शोभले असते, असे आम्हांला प्रामाणिकपणे वाटते.

तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात सुखात्मे हा पडेल वकील फिर्यादी आणि बचाव अशा दोन्ही बाजूंची वकिली एकटाच करतो आणि प्रेक्षक हसतात. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या २०१४ च्या चित्रपटात गीतांजली कुलकर्णी यांनी साकारलेली सरकारी वकील लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, आणि दुसऱ्या दिवशी तीच कलमे पुन्हा सपाट स्वरात वाचते. तिला कोणी नावाने मागत नाही. बीड, अंबाजोगाई, माजलगावच्या न्यायालयांत खून, मारहाण, हुंडाबळी यांचे खटले चालतात ते अशाच सरकारी वकिलांच्या भरवशावर. फायलींचे गठ्ठे, फितूर होणारे साक्षीदार, वाढत जाणाऱ्या तारखा यांच्याशी झुंजत. त्या खटल्यांतही कोणाचा तरी भाऊ, कोणाची तरी लेक गेलेली असते. त्यांच्यासाठी अन्नत्याग करायला गाव जमत नाही, कॅमेरे येत नाहीत, आणि मंत्रालयातून विशेष नेमणुकीचा आदेशही निघत नाही.