‘पंपिंग मारलं की लागतोय’ हे आता बंद करा

आज पिकाचं नाही, पिकअपचं.

कांदा सुरू झाला की सोलापूर मार्केट यार्डाकडं जुन्या पिकअपची रांग लागते. ब्रेक कसाय विचारलं तर उत्तर ठरलेलं, "दोन-तीनदा पंपिंग मारलं की लागतोय की!" आणि गॅरेजचं उत्तरही ठरलेलं, "लायनर टाकू."

डाळिंबाचं पान पिवळं पडलं तर नत्र कमी, लोह कमी, का मुळाशी पाणी साचलंय, हे आपण बघतो. न बघता युरिया फेकणाऱ्याला हसतो. मग न तपासता लायनर टाकणं म्हणजे युरिया फेकणंच झालं की.

सपाट जागी गाडी लावा, चाकाला दगड लावा आणि पॅडल बघा:

१) इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पॅडल दाबा, मग दाबून धरून स्टार्टर मारा. पॅडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. दगडासारखं कडकच राहिलं तर बूस्टर, त्याचा पाईप नाहीतर व्हॅक्यूम पंप बघा. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांना हा पंप डायनामोच्या मागं असतो.

२) पॅडल स्पंजासारखं लागतंय? लाईनमध्ये हवा आहे.

३) खाली जातंय, पण पंपिंगनं वर येऊन घट्ट होतंय? मागच्या ड्रमची ॲडजस्टमेंट सुटलीय.

४) दाबून धरलं तरी हळूहळू खाली बसतंय आणि बाहेर कुठं गळती नाही? मास्टर सिलिंडरचे रबर गेले.

५) ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढतेय? एखादा कॅलिपर जाम असेल, नाहीतर लायनरवर ऑइल आलंय.

या पाचात नुसत्या लायनरनं किती बरे होतात, तुम्हीच मोजा.

आता आपल्या अंगावरचं बोलतो. पन्नास किलोच्या साठ गोण्या म्हणजे तीन टन. पासिंग त्याच्या निम्मं. वर मागं जादा पाटे टाकून घेतो. काही पिकअपला मागच्या एक्सलजवळ लोड व्हॉल्व्ह असतो. गाडी किती दबली, यावरून तो मागचा ब्रेक कमी-जास्त करतो. जादा पाट्यांमुळं गाडी दबतच नाही, मग व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. तीन टन माल आणि मागं रिकाम्या गाडीचा ब्रेक!

काहीजण तर तुळजापूर घाटात डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडतात. इंजिन बंद म्हणजे व्हॅक्यूम बंद. दोन-तीन दाबांत बूस्टर रिकामा, मग पायात कितीही जोर असो. ब्रेक ऑइलही हवेतलं पाणी ओढतं. ते वर्षानुवर्षं बदललं नाही तर उतारावर तापून उकळतं आणि पॅडल तळाला जातं.

"जुन्या गाडीचं असंच असतंय" म्हणू नका. गाडी जुनी झाली म्हणून ब्रेक जात नाही, एखादा पार्ट जातो आणि तो सापडतो. त्या गोण्यांवर आपलेच मजूर बसलेले असतात. एका दाबात ब्रेक लागत नसेल तर गाडी भरू नका. कांदा एक दिवस उशिरा गेला तरी चालतंय.