विश्लेषण : संत्र्याच्या बागेतल्या मधमाश्या कोण मोजणार?

वर्धा जिल्ह्यातील कारंजा, आर्वी, आष्टी या पट्ट्यात संत्र्याची फळगळ झाली की पंचनामे होतात. किती हेक्टर, किती झाडे, किती टक्के नुकसान, सगळे कागदावर येते. पण बहराच्या वेळी त्या झाडांवर कोणत्या आणि किती मधमाश्या होत्या, याचा रकाना कुठेच नसतो. ही नोंद आता सुरू व्हायला हवी.

स्थानिक मधमाश्या म्हणजे कोणत्या?

मधमाशी म्हटले की पेटी आणि मध आठवतो. पेटीत अनेकदा असते ती मूळची परदेशी मेलिफेरा. स्थानिक माश्या वेगळ्या. उंच झाडाला किंवा पाण्याच्या टाकीखाली मोहोळ लावणारी आग्या, ढोलीत राहणारी सातेरी, झुडपात छोटे पोळे बांधणारी फुलोरी आणि डंख नसलेली पोया. याशिवाय एकट्या राहणाऱ्या असंख्य जाती आहेत. त्यांना ना राणी, ना मधाचा साठा. यातील बहुतेक जमिनीत बीळ करतात, काही लाकडात किंवा पोकळ काड्यांत राहतात. तुरीच्या फुलांवर दिसणारी पाने कापणारी माशी त्यातलीच.

सफरचंदाच्या बागांतून काय समजले?

सफरचंदाला चांगले फळ धरण्यासाठी सहसा दुसऱ्या वाणाचे पराग लागतात. त्यामुळे तिथे माश्यांची मोजणी गांभीर्याने झाली. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या सफरचंद बागांत कॉर्नेल विद्यापीठाच्या अभ्यासकांना रानमाश्यांच्या १०० हून अधिक जाती आढळल्या. म्हणजे बागायतदार ज्यांना ओळखतही नव्हते, असे मजूर फुकट राबत होते.

संत्र्याला परागीकरणाची एवढी सक्ती नाही आणि तूर स्वतःच्या परागावरही शेंग धरते. मात्र कारले, भोपळा यांची नर आणि मादी फुले वेगळी असतात. तिथे कीटक नसेल तर फळच नाही. कोणत्या पिकाला किती फरक पडतो, हे आपल्या वावरात मोजल्याशिवाय कळणार नाही.

मोजणी अवघड आहे का?

नाही. आंबिया बहार फुलल्यावर ठरावीक ओळीतून ठरावीक मिनिटे चालायचे आणि फुलांवर बसलेल्या माश्या जातवार मोजायच्या. वेळ, ऊन, वारा आणि आधीची फवारणी लिहायची. अभ्यासक पिवळ्या, पांढऱ्या, निळ्या वाट्यांत साबणाचे पाणी ठेवूनही माश्या पकडतात. पण त्यात माश्या मरतात, म्हणून ती पद्धत जपूनच वापरावी. आग्या मोहोळे तर गावातली शाळकरी मुलेही लांबून मोजू शकतील. एका वर्षाचा आकडा फारसे सांगत नाही. तीच बाग, तीच ओळ काही वर्षे मोजली तर घट दिसते.

पेट्या आणल्या की झाले, असे का नाही?

राष्ट्रीय मधमाशीपालन आणि मध अभियानासाठी केंद्राने ५०० कोटी रुपये ठेवले. त्याचा भर पेट्या, मध आणि उत्पन्नावर आहे. ते गैर नाही. पण पेटी फवारणीआधी उचलून नेता येते, जमिनीतले बीळ नेता येत नाही. धुरे नांगरले, तणनाशक मारले, फुलोऱ्यात कीटकनाशक फवारले की रानमाश्या जातात आणि त्याची तक्रार करायला कोणी येत नाही. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली. कारण होते मधमाश्या. आपल्याकडे असा निर्णय घ्यायचा की नाही, हे ठरवायलाही स्थानिक आकडे लागतील.

सुरुवात कोणी करावी?

वर्ध्याला हा विषय नवा नाही. १९३४ मध्ये इथेच स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कामात मधमाशीपालन होते. दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने आग्या मोहोळ न जाळता, पिल्लांचा भाग राखून मध काढण्याचे प्रशिक्षण दिले. सेलसुऱ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, शेजारी नागपूरला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था. प्रत्येक तालुक्यात चार-पाच बागा निवडून पुढच्या बहरापासून मोजणी सुरू करायला मोठी योजना लागत नाही. माश्या संपल्यावर पंचनामा करून भरपाई देता येईल, असे हे नुकसान नाही.