खांदा बदलण्याआधी हाड वाचा

खांद्याचा सांधा बदलला, टाके सुकले, एक्स-रेमध्ये सगळे जागच्या जागी दिसते. तरीही काही महिन्यांनी एखाद्या वृद्ध बाईला हात उचलताना खांद्याच्या माथ्यावर कळ येते. ती पडलेली नाही, मार लागलेला नाही. मग सगळे म्हणतात, ‘वय झालं.’ या वयाच्या आड मोडलेले हाड लपलेले असू शकते.

१९८५ साली फ्रान्समध्ये पॉल ग्रामों यांनी ‘उलटा’ सांधा तयार केला. निसर्गाने गोळा दंडाला आणि वाटी फऱ्याच्या हाडाला दिली. त्यांनी जागा बदलल्या. खांद्याचे आतले स्नायू निकामी झाले तरी बाहेरचा डेल्टॉइड स्नायू एकट्याने हात उचलू लागला. हजारोंचे त्यात भले झाले. पण डेल्टॉइड ज्या पातळ हाडाला धरून असतो, त्या अ‍ॅक्रोमियनवर ताण वाढला. हाड ठिसूळ असेल किंवा आमवात असेल, तर तिथे चीर जाण्याचा धोका अधिक. साध्या एक्स-रेत ती अनेकदा दिसतही नाही, सीटी स्कॅन करावा लागतो.

मुद्दा असा की, शस्त्रक्रियेआधी वाटीची झीज मोजण्यासाठी अनेक ठिकाणी सीटी स्कॅन होतोच. त्याच चित्रात हाडाची घनताही हाउन्सफिल्ड एककांत नोंदलेली असते. पाणी शून्य, हवा उणे हजार. हाड जितके भरीव तितका आकडा मोठा. म्हणजे रुग्णाने पैसे मोजले, किरणे सोसली, माहिती हाती आली आणि ती न वाचताच फाइल बंद झाली! नवे यंत्र घ्या असे कुणी म्हणत नाही. आहे ते नीट वाचा, एवढेच मागणे आहे.

यावर आक्षेप येईल की यंत्रागणिक आकडा बदलतो. खरे आहे. म्हणून एका आकड्यावर कुणाची शस्त्रक्रिया नाकारू नये. भाकीत म्हणजे निकाल नव्हे. पण हाड कमजोर आहे हे आधी कळले, तर त्यावर औषधोपचार सुरू करता येतात, व्यायामाचा वेग ठरवता येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नंतर ती ‘दुखतंय’ म्हणाली तर तिच्यावर विश्वास ठेवता येतो.

तेव्हा शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : ‘या स्कॅनमध्ये हाड कसं दिसतंय?’